मायना संपेपर्यंत

"मसुद्याला हात लावायचा नाही!" संस्थानच्या कचेरीत पाऊल टाकलं नाही तोच हेडकारकून तात्यांनी ऐकवलं. का, ते विचारायचं नाही. विचारलं की तात्या चष्म्यावरून असे बघतात, जणू मी त्यांच्या दौतीत थुंकले! आता तुम्हीच सांगा, पुण्याला जाऊन कॉलेज शिकले ती कशाला? तर जाहीरनामे वाचायला! बायकांपुढं पुरुषानं वाचायचं नाही, म्हणून मुलींच्या शाळेतली मास्तरीण, म्हणजे मी, बैलगाडीत. आणि वाचायचं काय? डॉक्टरला जो मसुदा तोच पाटलाला, तोच विहिरीवरच्या बायकांना!

परवा नालछ्याच्या रस्त्यावर, दोन कोसांवरच्या गावात पटकीची साथ लागली. विहीर बिघडलेली. बायका घागरी घेऊन आल्या, मी काठावर उभी, आणि सुरू... 'अखंडितलक्ष्मीअलंकृत...' तुम्हाला सांगते, मायना कसला, पदव्यांची वरातच ती! पहिलीनं घागर बुडवली, दुसरीनं भरली, तिसरीनं डोक्यावर घेतली, आणि मी अजून महाराजांच्या आजोबांपाशी! मालन नावाची एक हसून म्हणाली, "ताई, जय झाली ना महाराजांची? मग चलते, चूल पेटवून आलेय." गेली. 'सदरहू कूपातील उदक प्राशन करू नये' हे मी शेवटी ऐकवलं कुणाला? एका म्हशीला. तीही पीत होती.

परत येऊन सांगितलं, तर शेजारच्या बैठकीवरचे अण्णा काय म्हणाले? "पदव्या गाळल्या नाहीस ना? मग काम चोख झालं." मसुद्याला हात लावायचा नाही!

आज सकाळी निरोप आला. मालन खाटेवर आहे. घोटभर पाणी पोटात ठरत नाही. मला रडू यावं की नाही? येत नाही. राग? तोही नाही. नुसती उभी... आणि तात्यांनी कागद पुढं केला. तोच! "पुन्हा वाचून ये. या खेपेला सावकाश."

सावकाश!

म्हटलं, "तात्या, मी हे वाचणार नाही. गाडी जोडायला सांगा. मी त्यांच्याच बोलीत एवढंच सांगणार, 'बायांनो, यो पाणी मत पीजो, पटकी है.' महाराजांची जय मग, घागरी रिकाम्या झाल्यावर."

"पण मसुद्याला..." अण्णांनी तोंड उघडलं.

"नाही वाचणार."

तात्यांनी मसुदा दप्तरात बांधून गाठ आवळली. आणि तुम्हाला सांगते, त्या कचेरीतून मायन्याशिवाय आलेला हा पहिलाच जबाब, आणि तो मला लगेच कळला... गाडी मिळणार नाही.

निघाले पायी.