मिरचीच्या हातांनी पाय धुतले

माझं गाव विसरवाडीपासून आत, हायवे सोडला की पाऊण तास पायी. घरात आम्ही मावची बोलायचो, मराठी शाळेत मारून मारून शिकवली, आणि अहिराणी मी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर शिकले, शिव्या आधी, बाकीचं मागून. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. बाप रविवारी चर्चची घंटा वाजवायचा आणि सोमवारी आईला मारायचा, म्हणून धर्म काय करतो आणि काय नाही करत ते मला लहानपणीच कळलेलं, माझ्यापुढे कुणी गोडगोड बोलू नये. रिबका माझं नाव. लिहून घ्या, मी घाबरत नाही.

पथारी म्हणजे काय सांगू तुम्हाला, गावाबाहेर मोठं मैदान, त्याच्यावर मिरची वाळत घातलेली, इकडून तिकडे लालच लाल, लोक गाडी थांबवून फोटो काढतात. काढा. आमच्यासारखं खाली बसून दिवसभर देठ खुडा, मग काढा. पहिल्या वर्षी हाताची अशी आग होते की भाकर थापता येत नाही, दुसऱ्या वर्षी कमी, आणि पाच-सहा वर्षांनी हात मरतात. मरतात म्हणजे त्यांना मिरची कळतच नाही. माझे कधीचेच मेले. आणि तिथे नळ नव्हता. प्यायच्या पाण्याची एक टाकी, तिच्यात हात धुतले की वॉचमन अंगावर यायचा. संडास तर सोडाच, बाभळीच्या मागे जायचं, आणि तेच मिरचीचे हात घेऊन जायचं, आता तुम्ही पुरुषमाणूस, पुढचं मी बोलत नाही, तुम्हीच समजून घ्या.

शेठने मला बावीस बायांची मुकादम केली. का केली, तर म्हणे तुम्ही ख्रिस्ती लोक खोटं बोलत नाही आणि उलटून बोलत नाही. पहिलं ऐकून मी फुगले, दुसरं कानावरून गेलं. चार वर्षं मुकादमकी केली. कुणाला शिवी दिली नाही, कुणाची गोणी कमी लिहिली नाही, आणि नळासाठी एकदाही शेठपुढे तोंड उघडलं नाही. त्याला मी नम्रपणा म्हणायचे. नम्रपणा कसला, भीती होती ती, मुकादमकी जाईल याची.

मग मागच्या हिवाळ्यात आमच्या चर्चमध्ये शिबिर झालं. पुण्याहून एक साहेब आलेला, पडद्यावर चित्रं दाखवायचा, कामाच्या ठिकाणी पुढारी कसा असावा, तर सेवकासारखा असावा, येशूने शिष्यांचे पाय धुतले तसं तुम्ही हाताखालच्या माणसांचं करा. त्याचे हात मी बघितले, लोण्यासारखे मऊ, या माणसाने स्वतःचं ताटसुद्धा धुतलं नसेल. पण काय सांगू, मला रडू आलं. वाटलं, देव माझ्याशीच बोलतोय. माझा मला आता राग येतो.

सोमवारी काम सुटलं तशी मी चूल पेटवून पाणी कोमट केलं, टाकीतलंच, वॉचमनला प्रार्थनेचं आहे सांगितलं. घमेलं तिथलंच घेतलं, मिरची भरायचं, फडक्याने पुसून. बायांना म्हटलं बसा, आज मी तुमचे पाय धुणार. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कमलबाई म्हणून आमच्यात सगळ्यात म्हातारी, ती बोलली, बाई तुन्हं डोकं ठिकाणावर शे ना, मन्हा पायले भेगा शेतस, राहू दे. मी ऐकलं नाही. मी म्हटलं भेगा आहेत म्हणूनच. आणि चोळून चोळून धुतले हो मी, प्रेमाने, भेगांमध्ये बोटं घालून.

दिवसभर मिरची खुडलेली बोटं. माझ्या हातांना कळत नव्हतं ना. कोमट पाण्याने भेगा उघडल्या आणि म्हातारी अशी किंचाळली, माय वं मरी गयी, आग हुई ऱ्हायनी. मला वाटलं तिला भरून आलं. खरंच सांगते, मला वाटलं पवित्र आत्मा उतरला, आणि मी दुसरीचे पाय घेतले, तिसरीचे घेतले, त्याच पाण्यात. चौथीने मला लाथ मारली तेव्हा मला कळलं. बाया मातीत पाय घासत होत्या, प्यायची टाकी त्यांनी पायांवर रिकामी केली, आणि वॉचमन ओरडत होता.

दोन दिवसांनी एका बाईचा नवरा पथारीवर आला, ही बाई पाय धुऊन बाया बाटवी ऱ्हायनी म्हणून. शेठने मला सगळ्यांसमोर बोलावलं. मी मान खाली घालून उभी, आणि मनात एकच गोष्ट, इथे नळ असता तर मी आधी हात धुतले नसते का. चार वर्षं गिळलेलं तोंडाला आलं. मी म्हटलं शेठ, चूक माझी आहे, पण आधी नळ द्या, संडास द्या. शेठ हसला. म्हणे तुमच्या धर्मात तर सेवा करायची असते, मागायचं नसतं, आणि जास्त बोललीस तर धर्मांतराची तक्रार माझ्या हातात आहे, पोलिसात देतो, मग बस कोर्टाच्या पायरीवर.

माझ्यासारख्या बाईला कोण सोडवणार, पास्टर की तो पुण्याचा साहेब? तेवढ्यात कमलबाई लंगडत पुढे आली, पायाला चिंध्या बांधलेल्या, आणि त्या नवऱ्याला बोलली, ए, बाटवाले नई उनी ती, भाजाले उनी. बाया हसल्या. मग ती शेठकडे वळली, तक्रार पोलिसमा देवाले जाय ना, मी सांगसू पाय का बरं भाजनात ते. आणि जाऊन बाभळीखाली बसली. मी तिच्या शेजारी बसले. मग एकेक करून बावीसच्या बावीस. तीन दिवस देठाला हात लावला नाही कुणी. त्या शिबिरात हे कुणी शिकवलं नव्हतं, येशूने देवळात बाजार मांडणाऱ्यांचे चौरंग उलथवले त्याचं चित्र साहेबाच्या पडद्यावर नव्हतंच.

चौथ्या दिवशी प्लंबर आला. दोन नळ, साबण, पत्र्याचे दोन संडास. आणि त्याच दिवशी शेठने मला मुकादमकीवरून काढलं आणि कुणाला केलं, तर कमलबाईला. आणि तिने घेतली! नाही म्हणाली नाही. मी तिला विचारलं, तुला लाज वाटत नाही? म्हणे, बाई, तू पाय धुसी, मी नळ संभाळसू. आता मी रांगेत बसून देठ खुडते आणि ती मला ओरडते, हात चालाड. मला राग येतो, का नाही येणार, मी देवदूत नाही. पुण्याच्या साहेबाचा फोन आलेला, ताई सभेत उभं राहून तुमची साक्ष द्या, पाय धुण्याची, लोकांना आशीर्वाद होईल. मी म्हटलं या इकडे, तुमचेही धुते.

संध्याकाळी बाया नळावर हात धुतात, कोपरापर्यंत, कुणाला घाई नसते. ते बघून बरं वाटतं, तेवढं खरं. पास्टर विचारतात, शेठला माफ केलंस का. नाही केलं. पण शत्रूसाठी प्रार्थना करायची असते, ती मी रोज करते, दात खाऊन करते. म्हणते, देवा, शेठचं भलं कर, त्याच्या लेकराबाळांना सुखी ठेव, त्याला सद्बुद्धी दे. आणि ती येईपर्यंत एकदा, फक्त एकदा, त्याला मिरची खुडायला बसव, आणि डोळा खाजू दे त्याचा. आमेन.