दुबईचा गोडा मसाला

दिल्लीची मेट्रो द्वारकेकडे निघाली. पद्मजाने पुस्तक उघडलं खरं, पण कान शेजारच्या मायलेकांच्या बोलण्याकडे लागले.

“आई, आपला गोड्या मसाल्याचा धंदा मी दुबईला हलवतोय. ऑफिस फायनल झालं.”

“बरं. मग मसाला कोण भाजणार?”

“तूच. इथेच, आपल्या स्वयंपाकघरात.”

“आणि तिथे तो खाणार कोण?”

“तिथे कशाला? पॅक होऊन परत दिल्लीतच येणार. इथला म्हटलं की लोक घासाघीस करतात, यार आई. दुबईचा म्हटलं की गपचूप घेतात.”

“म्हणजे भाजणारी इथे, गिऱ्हाईकही इथेच.”

“बिल्कुल!”

“अच्छा. मग धंदा हलवायचा म्हणून बॅग भरायची, ती तुझ्या एकट्याचीच.”