एकटेपणा नावाचं बाक

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती आमचे सर, सर्व अध्यापक, आणि मागच्या दाराशी चहाची वाट पाहत उभ्या असलेल्या माझ्या मित्रांनो,

शिक्षण अर्धवट टाकून पळालेल्या मुलाला निरोप समारंभात बोलायला बोलावणं, याला मोठं मन लागतं. किंवा विसराळूपणा. निघताना आई म्हणाली, गोड बोल आणि थोडं बोल. त्यातलं थोडं बोलायचा प्रयत्न करतो.

सरांनी आम्हाला काय दिलं? दृष्टी दिली. त्यांच्या वर्गात एक नियम होता. आपण केलेली वस्तू मध्ये ठेवायची, आपण भिंतीशी उभं राहायचं, आणि इतरांनी तिचा अर्थ लावेपर्यंत तोंड उघडायचं नाही. करणारा बोलला की कला मेली, असं सर म्हणायचे. माझ्या शेजारच्या पोराने चपलांचा रॅक केला, त्यात सरांना स्थलांतर दिसलं. बिचाऱ्याला चपला ठेवायच्या होत्या. पण गुण बरे मिळाले, तेव्हा त्यालाही स्थलांतर दिसू लागलं.

मी केलं होतं ते हे बाक, ज्यावर आत्ता सर बसलेत. लांब फळी, आणि पाय दोनच, मधोमध, जवळजवळ. सरांनी त्याच्याभोवती फेरी मारली, चष्मा काढला आणि म्हणाले, "हा एकटेपणा आहे. ही रिकामी फळी म्हणजे न येणाऱ्या माणसाची वाट." वर्गाने माना डोलावल्या. एकीचे तर डोळे भरून आले. तिने सरांचं वाक्य उचललं, त्यावर निबंध लिहिला आणि पारितोषिक पटकावलं. त्याच आज आपल्या सूत्रसंचालिका आहेत, आणि सोमवारपासून सरांचा वर्गही त्याच घेणार आहेत. अभिनंदन, मॅडम. हो, आता मॅडमच म्हणायला हवं.

बाक प्रदर्शनाच्या दालनात गेलं. वर पाटी, 'एकटेपणा'. खाली पाटी, 'हात लावू नये'. म्हणजे त्यावर कधी कुणी बसलंच नाही. आज सरांचा मान म्हणून ते बाहेर काढलंत.

अध्यक्ष महोदय, तेव्हा नियमाप्रमाणे मी गप्प होतो. आज सत्कारमूर्तींनी मध्ये बोलायचं नसतं, म्हणून मी बोलतो. हे बाक दोघांचं आहे. दोन टोकांना दोघं बसले तर ते तोलतं. एकटा टोकाला बसला की आपटतो. सर, घाबरू नका, तुम्ही मधोमध आहात. तुम्ही जन्मभर मधोमधच बसलात. फक्त हलू नका.

ही गोष्ट वर्गात आणखी एका व्यक्तीला ठाऊक होती. पॉलिश लागायच्या आधी कार्यशाळेत आम्ही दोघं यावर बसलो होतो. एका टोकाला मी, एका टोकाला ती. तिचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून मी बाकाचे पाय दोन बोटं कापले. ती म्हणाली, "तू आधी उठलास तर मी पडेन हं." मी म्हटलं, "मी कशाला उठतोय?"

आणि पुढच्याच आठवड्यात तिला त्यात एकटेपणा दिसला. मी भिंतीशी उभा राहून तिच्याकडे पाहत होतो, ती सरांकडे. वर्ग सुटल्यावर मी विचारलं, असं का केलंस? म्हणाली, "अरे, सरांचा अर्थ छान होता. तुझ्यापेक्षा छान."

दुसऱ्या दिवसापासून मी मामाच्या कारखान्यात खुर्च्या करतो. चार पायांच्या. त्या बघून कुणी रडत नाही, लोक बसतात.

कलेचा अर्थ नक्की कुणाचा, करणाऱ्याचा की बघणाऱ्याचा? यावर सरांनी पुस्तक लिहिलंय. मला विचाराल तर, जो पडतो त्याचा.

असो. आता फोटो आहे. सरांनी आपल्या जागी येणाऱ्या मॅडमना शेजारी बसवून घ्यायचं, असं ठरलंय. सर, तुम्ही या टोकाला सरका. मॅडम, तुम्ही त्या टोकाला. या, संकोच नको, तुम्हाला बसायची सवय आहे. पाय टेकतील. बाक उत्तम तोलेल, ही माझी हमी.

अध्यक्षांनी सारखं घड्याळ पाहूनही मला थांबवलं नाही, आपण सर्वांनी निमूट ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. काही उणंदुणं निघालं असेल तर पोर समजून पोटात घाला. आणि सर, जाता जाता एवढंच. फोटो झाला की मॅडमच्या आधी उठा. त्या न सांगता उठतात.