महानंदाला परत कोण बोलावणार?

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा वैजयंतीताई, सत्कारमूर्ती चिंतामणी सर, व्यासपीठावरील मान्यवर आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी जोतीराम. मूळचा मंगळवेढ्याकडचा, आता अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहे. भाषणाची सवय नाही. संयोजक म्हणाले, "तुमच्या घरात गुण आलाय, तुमीच बोला की."

गुण आला, हे खरं. माझी पत्नी महानंदा तिचा भाऊ अपघातात गेल्यापासून नीट झोपत नव्हती. सरांनी सुई न टोचता ॲक्युपंक्चरच्याच बिंदूंवर, भुवईपाशी, डोळ्याखाली, बोटांनी हलकं ठोकायला शिकवलं. त्याच रात्री ती झोपली. ते उपकार मी विसरणार नाही.

पुढं मात्र ठोकता ठोकता ती उघड्या डोळ्यांनीच कुठंतरी जाऊ लागली. हाक पोचेना. मेंदूचा आलेख काढला. डॉक्टर म्हणाले, "बाई जागी दिसतात, पण आलेख गाढ झोपेचा आहे." कशामुळं, ते त्यांना सांगता आलं नाही.

गल्लीनं सांगून टाकलं. शेजारच्या सोजरबाई नारळ घेऊन आल्या. "देवी आलीया घरात, आन् तुमी चहा उकळत बसलाय व्हय, भावजी?"

म्हटलं, "देवी घेत नसंल तर तुमी घ्या की."

हसलात, बरं वाटलं. पण मी रोज देवळात बसणारा माणूस. देवापुढं बसलेल्याचा चेहरा मला कळतो. त्या चेहऱ्यावर कुणीतरी असतं. हिच्या चेहऱ्यावर कुणीच नसतं.

तिला परत आणणारा आवाज एकच, सरांचा. "महानंदाताई, या," म्हटलं की ती यायची. आधी फोनवरूनही यायची. हल्ली सरांना घरी यावं लागतं. आता ते परदेशी चाललेत. मी विचारलं, "मागं आमी काय करायचं?" म्हणाले, "ती उंच अवस्था आहे, घाबरू नका." असेल उंच. पण उतरवणार कोण?

आज सुरुवातीला सरांच्या उपचार केंद्राच्या रिवाजाप्रमाणे आपण सगळ्यांनी बिंदू ठोकले. घंटा झाली, सगळ्यांचे हात खाली आले. कडेला निळ्या साडीत महानंदा बसली आहे. तिची बोटं अजून चालूच आहेत. मघाशी सर माइकवर म्हणाले, "महानंदाताई, या." तुम्हाला वाटलं, व्यासपीठावर बोलावताहेत. तुम्ही टाळ्या वाजवल्या.

ती आली नाही.

अध्यक्षांचे, संयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. सर, बाहेर गाडी उभी आहे, ती थोडी थांबू द्या. खाली तिच्याजवळ चला. आणि मंडळी, आता टाळ्या नकोत. सरांना तिला पुन्हा एकदा हाक मारायची आहे.