नळाच्या अलीकडची टाइल

नाही नाही, ती छिन्नी आधी पिशवीत घाला. फोनवरच सांगितलं होतं ना मी, फोडाफोडी करायची नाही — नुसतं शोधायचं. काय शोधायचं म्हणजे? झाकण! या टबाच्या पुढच्या अंगाला, या टाइल्समध्येच, कुठेतरी एक झाकण आहे, ते निघतं, आणि आत तुमचे ते पाइप, नटबिट, सगळं आहे. दिसत नाही? दिसणारच नाही. दिसू नये म्हणून तर केलंय. आमच्या ह्यांनी केलंय, स्वतःच्या हाताने, आणि असं केलंय की आता कुणाच्या बापाला सापडायचं नाही. तुमच्या आधी दोघे येऊन गेले. एकाने हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकून ठोकून कान किटवले आणि म्हणाला, मावशी, सगळीकडून सारखाच आवाज येतोय. अरे, मग आवाज ऐकायला बोलावलं होतं का तुला? दुसऱ्याने तर आल्या आल्या छिन्नीच लावली. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. या टाइल्स आता मिळत नाहीत, हा फिकट निळा रंग बंद झाला, एक फुटली तर तिथे काय, पांढरी बसवू? ठिगळ लावल्यासारखी?

खाली पाणी जातंय, हो, माहितेय मला. खालच्या बाई रोज सकाळी दारात उभ्या. बोलत नाहीत फार, नुसतं वर छताकडे बघितल्यासारखं करतात. त्यांच्या बाथरूमच्या छताला हा एवढा डाग पडलाय आणि रोज पसरतोय. मेन कॉक बंद केला की आमचं अख्खं घर कोरडं, उघडला की आत टप टप टप सुरू. ऐकू येतंय ना? मला तर आता भांडी घासतानाही ऐकू येतं.

बरं, नीट ऐका, ते कसं आहे ते सांगते. मरीन प्लायची फळी, तिच्यावर टाइल्स चिकटवलेल्या, मागून लोहचुंबक. कडेच्या फटीत सिमेंट नाही, त्याच रंगाचं पातळ रबर भरलंय, म्हणजे डोळ्याला काही फरक कळायला नको. खालच्या कोपऱ्यात जोरात दाबलं की वरची कड टक् करून सुटते. एवढं सगळं मला पाठ आहे. का नसेल? महिनाभर जेवताना दुसरा विषय नव्हता आमच्याकडे. मी भाजीत मीठ कमी पडलं का विचारावं आणि ह्यांनी चुंबकाची ताकद सांगावी. आणि कुठे दाबायचं तेही सांगितलंय — नळाच्या खाली येते ना ती टाइल, तिच्या अलीकडची. शब्द न् शब्द आठवतोय. अलीकडची, खालचा कोपरा. म्हणजे ही बघा. ही. दाबा. दाबा की जोरात! हलली? नाही ना. मीही दाबून दाबून अंगठा सुजवून घेतलाय. हिच्या शेजारची दाबली, तिच्या शेजारची दाबली, दारापर्यंत आले दाबत. मग त्या माणसाने मला सांगितलं काय?

त्यांना फोन करून विचारा? वा. सगळे हेच सांगतात. खालच्या बाईही म्हणाल्या, अहो, त्यांनाच विचारा ना. जसं काही मला सुचलंच नव्हतं!

अहो, ते इथे नसतात. धाकट्या दिरांकडे गेलेत. गेलेत म्हणजे — गेलेत. राहायला. रुसून म्हणा, आता तुमच्यापासून काय लपवायचं. कशावरून? हसाल तुम्ही. कपाटाच्या मुठीवरून. हसलात ना? हसा. आयुष्यभर माणूस ऑफिसात खुर्चीवर बसला, आणि निवृत्त झाल्यावर हे खूळ शिरलं डोक्यात, की घरात कशालाही मूठ दिसता कामा नये, कडी दिसता कामा नये. सगळं आपलं सपाट. चपलांचं कपाट सपाट, औषधांचा खण सपाट. पाहुणे यायचे आणि भिंतीसमोर उभे राहायचे बावचळून, आणि हे कोपऱ्यात उभे राहून गालात हसायचे, आणि मग पुढे होऊन एक बोट लावायचे — उघडलं! त्यासाठी सगळा खटाटोप. आणि मी? माझे हात ओले, पिठाचे, दहा ठिकाणी कोपराने ढोसत बसायचं. शेवटी एक दिवस हे दुपारचे झोपले असताना मी बाजारातून आणलेली मूठ स्वयंपाकघरातल्या कपाटाला ठोकली. स्वतः, स्क्रू-ड्रायव्हरने. चांगली पितळेची मूठ, अजून आहे, जाऊन बघा. वाकडी बसलीय थोडी, पण धरता येते! हे उठले, पाणी प्यायला आले, बघितलं. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी चार ऐकवले असते आणि मिटलं असतं. पण नाही. बॅग भरली. आणि दारात पायात चपला घालताना मला म्हणतात, काही अडलं तर फोन कर. मी म्हटलं, अडलंय माझं खेटर.

आता सांगा, कसा करू फोन?

नाही, तसा त्यांचाही येत नाही. दीर करतात अधूनमधून. दादा बरे आहेत म्हणतात, जेवतात म्हणतात, आमच्या जिन्याखाली काहीतरी ठोकाठोक चाललीय म्हणतात. जाऊबाई बिचारी, तिला आता तिची केरसुणीसुद्धा सापडायची नाही. मी म्हणते, छान. बरे आहेत ना, छान. मग फोन ठेवते आणि बसते. घरात आता मी कुठेही मुठी लावू शकते, कोण अडवतंय? डबाभर आणून ठेवल्यात. एकही लावली नाही. मनच होत नाही बाई.

म्हणून तुम्हाला म्हणते, तुम्ही एकदा नीट शोधा, आणि नाही सापडलं तर तसं स्पष्ट सांगा. जाणकार माणसाने सांगितलं, की बाई, हे तुमच्या मालकांशिवाय उघडायचं नाही, की मग माझाही नाइलाज आहे. मग करावाच लागेल ना मला फोन? शेजाऱ्यांच्या छताचा प्रश्न आहे, माझा थोडाच आहे. उगाच आठवण आली म्हणून केला, असं तर कुणी म्हणू शकणार नाही. मग सांगा ना तसं! आधीचे दोघे नुसते फोडू फोडू करत होते, हे एक वाक्य काही कुणाच्या तोंडून निघालं नाही.

जरा सरका, मला ती मोरी पुसू दे, पाय घसरेल तुमचा. इकडे नको, दारात नको — तिकडे व्हा, त्या कोपऱ्यात, कपड्यांची टोपली उचला आणि बसा तिथेच. हां, अडचण आहे, माहितेय. ह्यांचीच जागा ती. टबाचं काम चाललं होतं तेव्हा तिथेच भिंतीला पाठ टेकून बसायचे, पाय असे दुमडून, आणि मी इथे दारात, आणि तिथनं मला सांगत होते की नळाच्या अलीक —

काय झालं? कसला आवाज झाला? हलू नका! गुडघा कुठे लागला तुमचा?

अगं बाई.

अलीकडची म्हणजे त्यांच्या अलीकडची! तिथनं अलीकडची! आणि मी इथे दाराशी अंगठे सुजवतेय! स्वतः कुठे बसलोय ते नको का सांगायला माणसाने? बघू. सरका, बघू दे. आतूनसुद्धा रंग दिलाय. बघा ना, पांढरा, दोन हात दिलेत. आत कोण बघणार होतं?

काय? नट ढिला झालाय फक्त? पाना फिरवला की झालं? लगेच?

नको. थांबा. पाना ठेवा खाली. हात लावू नका म्हणते ना! बंद करा ते. ढकला, बसेल आपोआप, चुंबक आहे त्याला. दाबा. हां. तुम्हाला नाही सापडलं. ऐकलंत? कुणी विचारलं तर नाही सापडलं. खालच्या बाईंना मी सांगते, माणूस येतोय म्हणून. ज्याने केलंय तोच येतोय. आणा तो फोन इकडे, त्या खिडकीतला. चष्मा राहू दे, नंबर पाठ आहे.

हॅलो? भाऊजी, मी बोलतेय. ह्यांना द्या जरा... हॅलो. हो, मीच. बरी आहे. नाही, आवाज बसलाय थोडा. अहो, तुमचं ते टबाचं झाकण — उघडत नाहीये. दाबलं. सगळीकडे दाबलं. अलीकडची पण दाबली, नाही उघडत. प्लंबर आलाय ना, त्यालाही नाही सापडलं, आत्ताच गेला तो...

जा ना हो तुम्ही! आणि दार हळू ओढा.