पहिलटकरणीची आई

आई : ओतली. सगळी दुधाची पावडर बेसिनमध्ये ओतली नि वरून नळ सोडला. आता ओरड माझ्यावर.

मुलगी : अख्खा डबा? मी आंघोळीला गेले तेवढ्यात?

आई : घरात असली की हात तिकडेच जातो. घे पोरीला पाजायला. पाठीला उशी लाव आधी.

मुलगी : अगं, डॉक्टरांनीच सांगितलंय. वजन उतरलंय तिचं. अंगावर पाजा, पण सध्या वरचंही द्या म्हणाले.

आई : त्यांना काय जातंय सांगायला! उभी हयात बाळंतिणींच्या वॉर्डात गेली माझी. रडत आलेल्या पहिलटकरणी पाजायला शिकून घरी गेल्यात. आणि माझ्याच नातीच्या तोंडात बाटली? बाकीच्या सिस्टर काय म्हणतील?

मुलगी : असं आहे होय!

आई : शब्दात पकडू नकोस. तोंड मोठं उघडू दे तिला, मग लाव. अशी नाही गं! कितीदा सांगायचं?

मुलगी : आई गं... थांब, थांब! पुन्हा रक्त आलं.

आई : धरणं चुकतंय तुझं, म्हणून येतं. परत लाव.

मुलगी : वॉर्डातल्या बायकांवरही अशीच खेकसतेस?

आई : त्या परक्या. त्यांना चुचकारावं लागतं.

मुलगी : नशीबवान आहेत बिचाऱ्या. राहू दे. तुझ्या जावयाला कळवलंय मी, येताना दुसरा डबा आणतोय.

आई : म्हणजे ठरलंच तुझं. एवढंसुद्धा सोसवत नाही तुम्हा आजकालच्या मुलींना.

मुलगी : तू मला किती पाजलंस गं?

आई : आता ते कशाला?

मुलगी : आजी सांगायची. मी बाटलीवरच वाढले म्हणून.

आई : हौस होती का मला? रजा संपली होती. दुसऱ्यांची बाळं रडली की माझा गणवेश पुढून भिजायचा. मोरीत जाऊन पिळून टाकायचे दूध. आणि तू इथे घरी...

मुलगी : मी जगले ना पण? धडधाकट आहे ना? तुझं राहिलं ते माझ्या अंगातून वसूल करू नकोस, आई.

(दार उघडतं. जावई नवा डबा घेऊन आत येतो.)

जावई : केवढी रडतेय! जिन्यापर्यंत ऐकू येतंय. पाणी आहे ना उकळलेलं?

मुलगी : थर्मासमध्ये आहे.

आई : द्या इकडे, मी करते. प्रमाण चुकेल तुमचं.

मुलगी : नको. त्याला करू दे.

जावई : डब्यावर लिहिलंय सगळं, आई. तुम्ही बसा... हं, घे. अगं बघ, कशी घटाघटा पितेय! भुकेलेली होती गं.

मुलगी : माहीत आहे मला.

आई : जरा उंच धर तिचं डोकं. नाहीतर... बरं, नाही बोलत. झोपली का?

जावई : पिता पिताच झोपली.

आई : मग निघते मी. उद्या ड्यूटीवरून परस्पर इकडेच येऊ?

मुलगी : फोन करते मी.