ड्रोनमधून दिसणाऱ्या पापण्या

नाही, मला एक सांगा, ड्रोनमधून पापण्या दिसल्या पाहिजेत, ही काय मागणी झाली? ड्रोन कुठे, वर, मांडवाच्याही वर, नारळाच्या शेंड्यांच्याही वर, तिथून खाली अख्खा माणूस ओळखताना मारामार, आणि या बाई म्हणतात माझ्या पापण्या दिसल्या पाहिजेत! दुसरं कोणी म्हणालं असतं ना, तर तुम्हाला सांगतो, मी हसून सोडून दिलं असतं, कारण रोज येतात अशा, जाड लाव, लांब लाव, डोळा मिटला की वारा आला पाहिजे... मी सगळ्यांना एकच सांगतो, पापणी आहे ती, खुंटी नाही. पण ही बाई म्हणजे हंसाकाकी. संजनाची आई. आणि संजना म्हणजे... आता तुमच्यापासून काय लपवायचं, संजना म्हणजे जिच्याशी मला लग्न करायचंय ती.

हां, तर मी कौस्तुभ. राहतो विरारला, काम करतो वसईत, प्रिस्का ॲन्टीच्या सलूनमध्ये, आणि काम काय, तर बायकांच्या पापण्यांवर दुसऱ्या पापण्या चिकटवतो. हसा, हसून घ्या एकदाचं. आमचे बाबा तर हे तोंडातून काढतच नाहीत, सोसायटीत सांगतात, "मुलगा डोळ्यांचं करतो." झालं! दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा मोतीबिंदू दाखवायला दारात हजर. मी म्हटलं, आजोबा, मी डोळ्याच्या आत जात नाही हो, माझं काम उंबरठ्यावरच. तर म्हणाले, उंबरठ्यावरून दिसतं का बघ.

तर संजनाचं घर कामणच्या अलीकडे, खाडीकडची शेतीवाली माणसं, भाताची जमीन, दारात भाजीचा मांडव. धर्माकाका, म्हणजे संजनाचे वडील, मला बघून हो म्हणाले, अगदी पहिल्या चहाला हो म्हणाले. पण त्या घरात धर्माकाकांचं हो म्हणजे नुसती सूचना असते. ठरवणार काकी. आणि काकींचं म्हणणं, पोरगा चांगला हाय, पन दिवसभर बायकांच्या तोंडावर वाकून बसतो, त्याला काम म्हनायचं का? आता मी वाकून तर बसतोच.

एवढ्यात संजनाच्या भावाचं, मितेशचं लग्न ठरलं, आणि एके दिवशी सलूनचं दार ढकलून साक्षात काकी आत. म्हणाल्या, "हळदीला ड्रोन हाय. मी नवऱ्याची आई. माझ्या पापन्या वरून दिसल्या पायजेत." आणि बसल्या खुर्चीत. मला कळलं, हे पापण्यांचं नाही, ही माझी परीक्षा... नाही हो, परीक्षा पण नव्हती, त्यांना खरंच पापण्याच हव्या होत्या, आणि तेच जास्त भीतीचं होतं.

मी भिंग लावून बघितलं. काकींच्या स्वतःच्या पापण्या म्हणजे मऊ, आखूड, विरळ, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या डोक्यावर असतात तशा. आणि काकींचं बोट कुठल्या डबीवर? सगळ्यात जाड! ती डबी मी नुसती दाखवायला ठेवलीय, ही लावायची नाही म्हणून दाखवायला! मी समजावलं, काकी, तुमच्या एका केसावर आपण एक चिकटवतो, तो जड झाला की तुमचा केस वाकतो, पिळतो, मुळाशी ओढ बसते, मग तो त्याच्या वेळेआधीच गळतो, पुढचा येतो तो त्याहून बारीक येतो, आणि असंच चाललं तर एखाद्या जागी यायचाच थांबतो. त्यापेक्षा अगदी तलम घेऊ, दोन-तीन मिळून छोटा पंखा करू, तिघांचं मिळून वजन त्या एका जाडीच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि लांबी तुमच्यापेक्षा जराशीच जास्त.

काकींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या वेलाला दुधी बघितलास? केवढा लटकतो. वेल तुटतो का?"

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? गप्प बसला असता. प्रिस्का ॲन्टी मागून खुणावत होती, अरे दे ना तिला काय पाहिजे ते, सासू आहे, चिकटव आणि मोकळा हो! पण माझी जीभ... मी म्हटलं, "काकी, त्या वेलाचा भार मांडव घेतो. तुमच्या पापणीला कुठे मांडव आहे? पापणी आहे ती, खुंटी नाही."

प्रिस्का ॲन्टीने छातीवर क्रूसाची खूण केली. सासू व्हायच्या आधीच मी सासूला नाही म्हणालो होतो, आणि मला वाटलं, संपलं, आता संजनाच्या लग्नाला मी पाहुणा म्हणून जाणार, पंगतीत बसणार, जिलेबी खाणार. काकींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, लाव तुझ्या मनाचं, पन दिसल्या नाय तर बघ.

मी आधी कानामागे गोंदाचा ठिपका लावून एक दिवस थांबवलं, अंगाला खाज येते का बघायला, त्यावरही ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या आडव्या झाल्या. आता आमच्या कामात गिऱ्हाईकाने बोलायचं नसतं, बोललं की पापणी थरथरते. काकी पूर्ण वेळ बोलल्या. डोळे मिटून! फ्लॅट कोनाचा, आई काय करते, दारू पिनं बिनं हाय का, संजनाला पहाटे उठवनार का... आणि माझ्या दोन्ही हातांत दोन चिमटे, मधे एक केस धरलेला, खोटं बोललो तर हात हलणार, हात हलला तर डोळ्यात जाणार. आयुष्यात इतका खरा मी कधी बोललो नाही.

मग हळद. आणि आमच्या गोंदाला तेल चालत नाही! हळदीत काय असतं? तेल! तर अख्ख्या मांडवात मी एकटा माणूस असा, जो हळद लावू देत नव्हता. काकींच्या बाजूला उभा, कोणी बाई हळदीचा हात घेऊन आली की मी मधे, गालाला लावा, हनुवटीला लावा, डोळ्याकडे नको! बायका विचारायला लागल्या, हा कोन गो? आता जावई म्हणावं तर ठरलेलं नाही. काकींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "माझा पापन्यावाला." संजना डीजेच्या मागे जाऊन हसली. मला सगळं दिसत होतं.

आणि गंमत ऐका. पापण्या कोणालाच दिसल्या नाहीत! ड्रोन सोडा, समोर उभ्या बायकांना दिसल्या नाहीत! जो तो म्हणतो, हंसा, काय ताजी दिसतेस, झोप चांगली झाली वाटतं. झोप! मुलाच्या लग्नात! काकी माझ्याकडे अशा बघत होत्या की मी हळदीच्या परातीत लपलो असतो. आणि तिकडे त्यांची धाकटी जाऊ, ती कुठून तरी जाडजूड लावून आलेली, तिच्या पापण्या ड्रोनमधून काय, पलीकडच्या किनाऱ्यावरून दिसल्या असत्या. सगळ्या बायका तिच्याभोवती. ड्रोनवाल्या पोराने वरून टिपलं, तर तिचा अख्खा डोळा दिसेना, नुसत्या पापण्या. कौतुक कोणाचं? तिचं! चांगलं काम केलं की ते दिसत नाही, हा आमच्या धंद्याला शापच आहे, मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या रात्री मी जेवलो पण नाही. म्हणजे, वडे खाल्ले. मटण नाही घेतलं.

मग बरेच दिवस काही नाही. संजना म्हणाली, आई तुझं नाव काढत नाही. आणि एका रविवारी काकींचाच फोन, ये घरी. गेलो. ओटीवर धाकटी जाऊ बसलेली, काळा चष्मा लावून, ढगाळ हवेत. पापण्या ओढून काढल्या तिने, आणि त्यांच्याबरोबर तिच्या स्वतःच्या पण आल्या, डोळा असा उघडा, दार काढलेल्या घरासारखा. मी सांगितलं, येतील हळूहळू, चोळू नका, आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा, खऱ्या.

काकी मला आत घेऊन गेल्या. म्हणाल्या, "तिच्या गेल्या. माझ्या हायत. तू मला नाय म्हनालास, म्हनून हायत. माझ्या पोरीला पन असंच नाय म्हनत जा, जिथं म्हनायला पायजे तिथं." आणि म्हणाल्या, दिली मुलगी.

तुम्हाला सांगतो, मी वाकलो पायाशी, डोळे भरून आले माझे, आणि तेवढ्यात वरून आवाज, "पन!"

पन काय? पन, तुमच्या लग्नातही ड्रोन हाय. तवा माझ्या पापन्या दिसल्या पायजेत. आनि पापनीला धोका पन नको. दोन्ही! मी म्हटलं, काकी, जाड लावायला तुमची पापणीच तेवढी जाड लागेल हो. तर शांतपणे म्हणाल्या, मग होऊ दे जाड, मला घाई नाय. ती जाडीचा भार घेईल, त्या दिवशी तारीख काढू.

आता मला सांगा, भटजींनी काढलेले मुहूर्त असे हातातून चाललेत, हॉल मिळत नाहीये, बाबा विचारतात तारीख कधी, मी काय सांगू, कशावर अडलंय? दर रविवारी कामणला जातो, भिंग लावतो, काकी विचारतात, झाली का? आणि बाकीच्या बायकांना आठवडाभर मी बजावतोच आहे, पापणी आहे ती, खुंटी नाही, अजूनही बजावतो, कारण ते खरंच आहे. फक्त रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की हात जोडून हळूच म्हणतो, देवा, बाकी कोणाची नको, पण एवढी एक... एवढी एक खुंटी होऊ दे.